थोरली गेली

आतोबांना फोनवर कळलं की त्यांची बायको गेली, तेव्हा त्यांची बायको समोर बसून त्यांच्याच बशीतलं शेवटचं बिस्कीट खात होती.

"कधी?" आतोबांनी विचारलं.

"आत्ताच, सकाळी," पलीकडून बातमीदार म्हणाला. हा आतोबांच्या बायकोचा, म्हणजे आत्याचा, चुलतभाऊ. कुठल्याही घरातली बातमी त्या घराच्या आधी याला कळते. "एकदम मोठा आवाज झाला आणि संपलं सगळं. धीर धरा भाऊजी."

आतोबांनी बायकोकडे नीट पाहिलं. ती बिस्कीट चहात बुडवत होती.

"त्रास झाला का फार?"

"आतल्या आत बरेच दिवस चालू असणार म्हणे. बाहेर काही दिसलं नाही."

"हो, तिचं तसंच आहे," आतोबा म्हणाले. ते निवृत्त ग्रंथपाल. आयुष्यभर 'शांतता राखा' या पाटीखाली बसल्यामुळे समोरच्याचं बोलणं तोडायची त्यांना सवयच उरली नव्हती.

"कोण गेलं?" आत्याने विचारलं.

आतोबांनी फोनवर हात ठेवला. "तू."

"कुठे?"

"कुठे नाही गं. तशी नाही. म्हणजे... गेलीस."

आत्याने बिस्कीट गिळलं. मग पदर सावरला, जणू फोनमधून कुणी बघतंय. "कोण म्हणतं?"

"घरच्या ग्रुपवर आलंय. चिमीने टाकलंय. 'थोरली गेली, लवकर या.'"

घरच्या ग्रुपवर आत्या नव्हती. होती, पण तिने सोडला. का सोडला ते सगळ्या घराला माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"द्या फोन. नाही, थांबा," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काय म्हणतोय तो?"

"पोकळी निर्माण झाली म्हणतोय."

"आणि?"

"आणि विचारतोय, किती वाजता यायचं. सगळे कारखान्यात जमतायत."

"कारखान्यात!" आत्या उठलीच. "म्हणजे मेल्यावरसुद्धा मला त्या पंपाच्या शेजारी ठेवणार? अहो, तुमच्या लक्षात येतंय का? उद्या मला मत द्यायचं होतं. आणि आज मला मारून टाकलं!"

तसं बघितलं तर मुद्दा बरोबर होता. कारखाना तिघांच्या नावावर. आत्या, मधला दादा आणि धाकटा छोटू. उद्या सकाळी जुन्या मशिनींचा व्यापारी क्रेन घेऊन येणार होता, पंप उचलायला. पंप गेला की कारखाना बंद, दोन भाऊ दोन दिशांना. छोटू म्हणत होता विका. दादा म्हणत होता माझ्या अंगावरून क्रेन न्या. राहिली त्यांची ताई, म्हणजे आत्या. ताई कुणालाच थांगपत्ता लागू देत नव्हती.

"अगं पण फोन करून सांगू या ना, की तू आहेस," आतोबा म्हणाले.

"मुळीच नाही. चप्पल घाला. मला बघायचंय, कोण किती रडतंय."

*

कारखान्यात खरोखरच कुणीतरी गेलं होतं. ती पंपाच्या खोलीत पडून होती.

ही खोली म्हणजे कारखान्याच्या मागे पत्र्याची एक पेटी. पुढच्या शेडमध्ये कटिंगचं मोठं टेबल. तिथे केसाएवढ्या भोकातून पाण्याची धार सुटते, तिच्यात बारीक रेती मिसळते, आणि ती धार स्टील कापते, दगड कापते, काच कापते, लक्ष नसलं तर टेबलाच्या पट्ट्याही कापते. लोक येतात, ती धार बघतात, वा म्हणतात, फोटो काढतात. पण धारेला जोर देणारा पंप मागे, या पेटीत. मोठा, हिरवा, चाकं नसलेल्या ट्रॅक्टरसारखा. मधे तेलाचं पोट, दोन्ही बाजूंना दोन जाड दंड. तेल एकदा डावीकडे ढकलतं, एकदा उजवीकडे. धप्प, फिस्स. धप्प, फिस्स. चालू असला की वाटतं, भिंतीपलीकडे कुणीतरी जाड माणूस उठाबशा काढतोय.

चिमीच्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, तो आणला तेव्हा गाडीवरून उतरवताना त्याच्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ही माझी थोरली. आता घर ही सांभाळेल." शेजारी त्यांची खरी थोरली उभी होती. कॉलेजात पहिली आलेली, हातात पेढ्यांचा पुडा. तिने तो पुडा तिथेच रेतीच्या पोत्यावर ठेवला आणि त्यानंतर पंपाच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ग्रुप सोडला तोही त्यामुळेच. छोटू रोज सकाळी पंपाचा फोटो टाकायचा, 'थोरलीची शुभ सकाळ.'

आत्ता दादाची मुलगी चिमी गुडघ्यांवर बसून होती. बाप डावीकडे, काका उजवीकडे. ती मधे, दोघांमधली टेलिफोनची तार.

"त्याला विचार," दादा म्हणाला, "काल त्याच्या पाळीत आवाज बदलला होता का?"

"काका, बाबा विचारतायत..."

"मी बहिरा नाही," छोटू म्हणाला. छोटूचं वय पन्नास, वजन त्याच्या जवळपास दुप्पट. "त्याला सांग, माझ्या पाळीत ती गात होती. सकाळी त्याने हात लावला आणि हिचं डोकं फुटलं."

"बाबा, काका म्हणतात..."

"त्याला सांग, गाणारी माणसंच आधी जातात."

गेले आठ महिने असंच चाललं होतं. कारण दातांचे डॉक्टर. म्हणजे त्यांच्या दवाखान्याची स्टीलची पाटी. 'दंतवैद्य' अशी अक्षरं आरपार कापायची होती. कापून झाल्यावर बघितलं तर सगळी उलटी, आरशात वाचावी तशी. दादा म्हणाला पत्रा छोटूने लावला. छोटू म्हणाला चित्र दादाने चढवलं. डॉक्टरांनी दुसरीकडून पाटी करून घेतली, आणि ही पाटी कारखान्यात चहाचा ट्रे म्हणून राहिली. भाऊ एकमेकांशी बोलायचे थांबले. छोटूची बायको, जिला घरात सगळे धाकटीच म्हणतात, या शांततेला कंटाळून आठ दिवसांसाठी माहेरी गेली, ती अजून तिथेच.

चिमीने तेलाचा खालचा बूच सैल केला, काचेच्या ग्लासात थोडं तेल घेतलं आणि उजेडात धरलं.

तेल मधाच्या रंगाचं हवं. हे चहाच्या रंगाचं होतं. चांगलं दूध घातलेल्या चहाच्या.

"पाणी शिरलंय तेलात," ती म्हणाली. "असं कसं? सील गेलं तर पाणी रडक्या भोकातून बाहेर यायला पाहिजे. तेलात कशाला जाईल?"

दोघंही एकदम गप्प झाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा एकाच कारणासाठी.

रडकं भोक हा अण्णांचा शब्द. दोन्ही दंडांवर बारीक भोक असतं, मुद्दाम ठेवलेलं. आतलं सील झिजायला लागलं की तिथून थेंब पडतो. डावं भोक गळलं तर डावं सील बघा, उजवं गळलं तर उजवं. अण्णा सांगायचे, रडू द्या तिला, फक्त कुठून रडते ते बघा. त्यांचा अजून एक नियम होता. पंपाला पाना लावण्याआधी एकाने मोठ्याने विचारायचं, "प्रेशर सोडलं?" आणि दुसऱ्याने बघून मोठ्याने सांगायचं, "सोडलं." उत्तर आल्याशिवाय पान्याला हात नाही. कारण आत दाब अडकलेला असला आणि नट ढिला केला, तर पुढचं विचारायला माणूस राहत नाही.

चिमीने ग्लास ट्रेवर ठेवला आणि ट्रे पुढच्या शेडमधल्या टेबलावर नेऊन ठेवला. तिथे तिचा फोन होता. एकशे बारा मेसेज. ती उघडणार तेवढ्यात आतून दादाची हाक आली, "चिमे, टॉर्च आण," आणि ती टॉर्च घेऊन पळाली. तिला वाटलं होतं आपण मेसेज 'कारखाना' ग्रुपवर टाकलाय. तो 'आपली माणसं'वर गेला होता.

*

आत्या पंपाच्या खोलीच्या दाराबाहेर पोचली आणि तिने आतोबांना हाताने थांबवलं. आतून आवाज येत होते.

"किती वर्षं राबली," दादा म्हणत होता. "कधी कुरकुर नाही."

आत्याने डोळ्यांना पदर लावला. हा दादा. लहानपणी तिचं बोट धरून शाळेत जायचा.

"कुरकुर नाही कशी?" छोटूचा आवाज. "त्याला सांग, शेजारचे तक्रार करायचे, इतकी कुरकुर करायची."

पदर खाली आला.

"तिच्या जिवावर घर चाललं," दादा म्हणाला.

पदर वर.

"खरंय. पण वय झालं होतं हे त्याला सांग. उगाच ओढत होतो आपण. नवीन आणली असती तर निम्म्या आवाजात झालं असतं."

"अहो," आत्या दातांतून म्हणाली, "नवीन आणायची भाषा चाललीय. बहीण!"

"ऐकतोय," आतोबा म्हणाले. निम्मा आवाज हा शब्द त्यांच्या मनात जरा रेंगाळला, पण त्यांनी तो चेहऱ्यावर येऊ दिला नाही.

"चूक माझीच," दादा म्हणाला. "मी तिला फार आवळत होतो."

"आतून पूर्ण चहा झालाय तिचा," चिमी म्हणाली. "सगळं काढून टाकावं लागेल. पोट धुऊन घेऊ आधी. मग डोकं उघडू."

आत्याने दार ढकललं.

"कोण माझं डोकं उघडतंय बघू!"

छोटूच्या हातातला पाना त्याच्याच पायावर पडला. चिमी "आत्या?" म्हणाली. दादा तसाच बसून राहिला, कारण आत्या त्या खोलीत आली होती, आणि हे त्याने जन्मात बघितलं नव्हतं.

आत्याने सगळीकडे नजर फिरवली. मेलेलं कुणी नव्हतं. मधे हिरवा पंप उघडा पडला होता, खाली परात, आणि परातीत तेल ठिबकत होतं.

"अच्छा," ती हळूच म्हणाली. "ही गेली होय."

"ताई, तुला काय वाटलं?" छोटूने एका पायावर उभं राहून विचारलं.

"मला वाटलं मी."

याच वेळी पुढच्या दाराने बातमीदार आला. हातात हा एवढा हार, मागे सात-आठ नातेवाईक, सगळे पडलेल्या चेहऱ्याचे. त्याने आत्याला बघितलं आणि हार एकदा तिच्याकडे, एकदा पंपाकडे, असा नुसता हवेत फिरवत राहिला.

"मी येताना चार लोकांना रडवून आलोय," तो शेवटी म्हणाला. त्यात थोडी तक्रार होती. "आता त्यांना काय सांगू?"

"सांग, परत रडावं लागेल कधीतरी. सराव ठेवा."

वहिनी, म्हणजे दादाची बायको, नातेवाइकांना बघून चहा करायला पळाली होती. आतोबा दमून पुढच्या टेबलाशी बसले. समोर ट्रेवर ग्लास होता. माणसं कितीही गोंधळली तरी या घरात चहा वेळेवर मिळतो, असं कौतुक त्यांच्या मनात आलं, आणि त्यांनी ग्लास ओठाला लावला.

"आतोबा, नको!" चिमी दारातून ओरडली.

आतोबांनी फूः करून सगळं रुमालात थुंकलं. जीभ रुमालाला पुसली. तरी शिष्टाचार सुटला नाही. "नाही, छान आहे," ते म्हणाले. "फक्त... आलं जरा जास्त झालंय."

त्यांना मोरीकडे नेऊन पाच वेळा चूळ भरायला लावली. आत्या त्यांच्या पाठीवर थोपटत होती आणि हसू दाबत होती. मग तिचं हसू थांबलं. ती परत पंपाच्या खोलीत गेली, सरळ पंपापाशी. बराच वेळ बघत राहिली. तिला पंपातलं काही कळत नव्हतं. भाऊ मात्र तिला दोन्ही पाठ होते.

"चिमे, हे गुलाबी काय आहे गं?"

उजव्या दंडावर, जिथे रडकं भोक असायला हवं तिथे, वाटाण्याएवढं काहीतरी गुलाबी चिकटलं होतं. चिमीने टॉर्च मारला, नखाने खरवडलं, नाकाशी नेलं.

"च्युइंग गम!"

"स्ट्रॉबेरीचं," आत्या म्हणाली. "हे मी माझ्या वेणीतून किती वेळा काढलंय. छोट्या!"

छोटूची मान खाली गेली. "ताई, गळत होती गं. उद्या व्यापारी न्यायला येणार. गळताना दिसली असती तर त्याने नाक मुरडलं असतं. म्हटलं, एवढे दोन दिवस..."

"वा!" दादा उसळला. आठ महिन्यांचं मौन तोंडाशी आलं होतं, पण तो चिमीकडे वळला. "त्याला सांग! रडकं भोक बुजवलं! अण्णांच्या पंपाचं! मग पाणी जाणार कुठे? तेलातच जाणार! सांग त्याला, याला म्हणतात खून!"

"बाबा," चिमी म्हणाली. ती आता डाव्या बाजूला टॉर्च मारत होती. "हे काय आहे?"

डाव्या भोकावर पांढरा गुळगुळीत ठिपका होता.

दादा पंपाच्या पलीकडे पत्र्याच्या भिंतीवर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागला.

"मेणबत्ती," आत्या म्हणाली. "कंपासपेटीला भोक पडलं, मेणबत्ती. मोरीचा नळ गळला, मेणबत्ती. दहावीच्या गुणपत्रिकेवर सुद्धा याने मेण सांडलं होतं, नेमकं गणितावर. दादा, तू कशासाठी?"

"छोटू रोज म्हणायचा, म्हातारी झाली, गळते, विका," दादा पुटपुटला. "म्हटलं, गळताना दिसलीच नाही तर म्हणणार काय?"

दारात नातेवाईक दाटीने उभे होते. बातमीदाराचा फोन नकळत वर आला आणि आत्याच्या एका नजरेने खाली गेला.

"म्हणजे एकाला ती चांगली दाखवून विकायची होती," आत्या म्हणाली, "आणि दुसऱ्याला चांगली दाखवून ठेवायची होती. आणि ती बिचारी दोन्हीकडून तोंड दाबल्यावर आतल्या आत फुटली." तिने 'बिचारी' म्हटलं, ते तिचं तिलाच ऐकू आलं. ती जरा थबकली. "दुरुस्त होईल का गं?"

"सील आहेत कपाटात. आत सरकणारे दांडे बघावे लागतील, त्यांवर ओरखडे नसले तर होईल," चिमी म्हणाली. "तेल सगळं बदलायचं. दुपारपर्यंत होईल. मी करते, काका आणि बाबा..."

"तू नाही. तू माझ्याबरोबर चल."

"अगं आत्या, पण ते दोघं बोलत नाहीत. मधे मी नसले तर..."

"मी आज सकाळीच गेलेय, चिमे. मला सोबत पाहिजे." आत्याने तिचा दंड धरला. दारातून वळून भावांना म्हणाली, "ती चालू झाली की मी मत देते. नाही झाली तर व्यापाऱ्याला द्यायला काही उरतच नाही. बसा."

आणि बाहेरून दार ओढून घेतलं.

*

दादा पंपाकडे बघत बसला. छोटू पंपाकडे बघत बसला. पंपाला बघायला डोळे नव्हते, नाहीतर त्याची पंचाईत झाली असती.

तेल काढणं सोपं होतं, त्याला बोलावं लागत नाही. छोटूने परात धरली, दादाने बूच काढला. मग पुसणं. मग नवीन सील कपाटातून काढून फडक्यावर मांडणं. हे सगळं शब्दाशिवाय झालं आणि दादाला क्षणभर वाटलं, जमलं, आयुष्य असंच काढता येईल.

मग त्याने डाव्या दंडाच्या मोठ्या नटाला पाना लावला आणि त्याचा हात थांबला.

प्रेशरची चावी छोटूच्या बाजूला होती. काटाही त्याच्याच बाजूला. दादाला तिथून काही दिसत नव्हतं. विचारायला पाहिजे होतं.

त्याने खोकून बघितलं. छोटूने उलट खोकून उत्तर दिलं. पण खोकल्यातून काट्याचा आकडा कळत नाही. दादाने दोन बोटं वर करून सोडल्याची खूण केली. छोटूला वाटलं पाणी सोडून येऊ का विचारतोय. त्याने मान हलवून नाही म्हटलं. म्हणजे प्रेशर आहे? दादाने पाना काढला. छोटूने हातानेच विचारलं, काढलास का? दादाने पुन्हा बोटं वर केली. छोटू चिडून दाराकडे गेला. "चिमे!" बाहेरून आत्याचा आवाज आला, "चिमी कामात आहे! माझ्या चार आठवणी सांगतेय!"

छोटू परत आला. दोघं घामाघूम. पाना फडक्यावर पडून.

दादाला एकाएकी आठवलं, अण्णांनी हा नियम शिकवला तेव्हा छोटू दहाचा असेल. पाना त्याच्या हाताएवढा. अण्णांनी विचारलं होतं, प्रेशर सोडलं? आणि हा इतक्या जोरात 'सोडलं' ओरडला की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. नंतर आठवडाभर हा घरभर तेच ओरडत होता, जेवताना, अंघोळीला, झोपेत.

दादाने पाना उचलला, नटाला लावला, आणि जमिनीकडे बघून म्हणाला,

"प्रेशर सोडलंस?"

चावी फिरवल्याचा आवाज आला. छोटू वाकला, त्याने काटा बघितला, काट्यावर नखाने टकटक केली, परत बघितला. सरळ उभा राहायला त्याला वेळ लागला.

"सोडलं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "दादा."

बाहेर नातेवाइकांनी कान दाराला लावले होते. बातमीदाराने हात मोकळे करायला हार वहिनीच्या गळ्यात घातला आणि हळूच टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर आतून जे सुरू झालं ते थांबेना. "सरळ धर." "सरळच आहे." "हे सरळ? याला सरळ म्हणतोस?" "तू डोळे तपास." "सीलला बोट नको लावू, तुझ्या बोटाला गम असेल." "तुझ्या बोटाला मेण असेल!" "ढकल. हळू. हळू म्हटलं मी!" "अरे हळूच ढकलतोय, माझं वजनच आहे तेवढं!" आणि मग दोघांच्या हसण्याचा आवाज, जुन्या पंपासारखा, धप्प, फिस्स, धप्प, फिस्स.

*

आतोबांना आता खरा चहा मिळाला होता. त्यांनी आधी वास घेतला, मग वहिनीकडे बघितलं, मग प्यायला. रिकामा ग्लास त्यांनी टेबलावर ठेवला आणि ट्रेवर थोडा सांडला होता म्हणून ट्रे उचलून आडवा-तिडवा करून पुसायला लागले. ग्रंथपालाची सवय, कुठलीही वस्तू मागून-पुढून बघतात.

"दंतवैद्य," ते म्हणाले. "छान कापलंय."

शेडमध्ये सगळे थांबले.

पंपाच्या खोलीचं दार उघडून दादा आणि छोटू बाहेर आले होते, कोपरापर्यंत तेलात. दोघंही तिथेच उभे राहिले. आतोबांच्या हातात ट्रे होता. खालची बाजू वर आली होती. आरपार कापलेली अक्षरं, या बाजूने, अगदी सरळ.

"भाऊजी," छोटूने घसा साफ केला, "ती... पाटी उलटी झाली होती."

"हो का? मग उलटी करायची ना."

दादाने छोटूकडे बघितलं. छोटूने दादाकडे.

"त्या बाजूला पॉलिश नाही," दादा क्षीण आवाजात म्हणाला.

"मग करायचं," आतोबा म्हणाले आणि उरलेला चहा पुसला.

आत्याच तेवढी हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ते पाणी मग थांबेना. ती ते पुसेनाही. "आठ महिने," ती म्हणत होती, "अरे, आठ महिने!"

चिमीने पंप सुरू केला. आधी कमी दाबावर, नुसतं पाणी, आतला कचरा जाऊ द्यायला. मग हळूहळू वर. धप्प, फिस्स. सगळे दोन्ही भोकांकडे बघत होते. डावं कोरडं. उजवं कोरडं. नातेवाईक श्वास धरून. धप्प, फिस्स. मग उजव्या भोकाच्या तोंडाशी एक बारीक थेंब जमला, तिथेच लोंबकळला आणि परातीत टपकन पडला.

छोटूचा हात नकळत खिशाकडे गेला.

"हात बाहेर," आत्या म्हणाली.

"नवीन सील आहे, बसेपर्यंत एखादा थेंब येतो," चिमी म्हणाली. "चालतं. नंतर थांबेल. नाही थांबला तर परत उघडू."

थेंब पडले तेवढे पडले. मग थांबले.

"ताई," दादा म्हणाला. "मत."

आत्या पंपाजवळ गेली आणि पहिल्यांदाच तिने त्याच्यावर हात ठेवला. तो थरथरत होता, गरम होता. अण्णांनी ठेवला होता तिथेच तिने ठेवला, की तिला तसं वाटलं.

"मी आज दाराबाहेर उभी राहून ऐकत होते," ती म्हणाली. "माझ्यासाठी कोण किती रडतंय म्हणून. तर तुम्ही दोघं या पंपासाठी रडत होता, आणि तेही चिमीमार्फत. या घरात जरा काही गळलं की आपण बुजवतो. कुणी मेण लावतं, कुणी गम. मी पेढ्यांचा पुडा पोत्यावर ठेवून गेले, तेही तसंच. अख्ख्या घरात खरं रडणारी ही एकटी आहे. तिला काय विकताय?" तिने हात काढला, पदराला पुसला. "विकायची नाही. व्यापाऱ्याला फोन कर, छोट्या. आणि तुझ्या बायकोलाही."

छोटूने मान हलवली. तेलाचे हात सदऱ्याला पुसले.

"पण एक," आत्या दारात वळली. "थोरली मी. ते नाव आजपासून माझं मला परत. हिला दुसरं काहीतरी म्हणा. माझ्यानंतर आली ना? मग धाकटी म्हणा."

"धाकटी!" सगळे म्हणाले. बातमीदाराने वहिनीच्या गळ्यातला हार काढून पंपाला घातला, चिमीने तो लगेच फिरत्या पट्ट्यापासून लांब केला, आणि मग खिशातून फोन काढून 'आपली माणसं'वर सगळ्यांचा जीव भांड्यात पडावा म्हणून घाईघाईत लिहिलं, 'थोरली ठणठणीत आहे. आज धाकटीचं डोकं उघडलं, पोट धुतलं, आता सुरळीत चालू आहे. थोडी रडली, पण ते नॉर्मल आहे.'

छोटूने बायकोला लावायला फोन हातात घेतला, तर तो आधीच वाजत होता. सासूबाई.

"जावईबापू," त्या किंचाळत होत्या, "ती इथे माझ्यासमोर बसून बिस्कीट खातेय, आणि तुम्ही तिचं डोकं कधी उघडलंत?"